बिनधुराचं घर

सूर्य कासराभर वर आला तरी रहिमाबीच्या कौलांवर धूर दिसेना. मोशी गावात असं झालं की त्या घरात काही वाईट घडलंय, असंच सगळे धरून चालतात. अंबूबाईनं पिठल्याच्या वाडग्यावर भाकरी झाकली आणि वाडगा घेऊन ती उठली.

"तिच्याशी बोलत न्हाईस ना तू?" नवऱ्यानं आठवण करून दिली.

"भांडण तोंडाचं हाय, पोटाचं न्हाई."

भांडण गोबरगॅसवरून झालं होतं. कंपनीतून रजा काढून रहिमाबीच्या जहीरनं आईसाठी परसात टाकी बांधली, तेव्हा अंबूबाई सगळ्या आळीदेखत म्हणाली होती, "शेणाच्या जाळावर शिजलेलं मी तोंडात घालणार न्हाई." रहिमाबीनं विचारलं होतं, "मग तुझ्या गोवऱ्या काय चंदनाच्या हायेत?" तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

अंबूबाई धास्तावून दारात पोचली. आत रहिमाबी निळ्या जाळावर चहा उकळत बसली होती.

"अगं, चूल का न्हाई पेटवली?"

"आजपास्नं गॅस सुरू झाला. आता चूल न्हाईच पेटायची. बस, चहा घे."

अंबूबाईनं कप आधी नाकाशी नेला, मग ओठाला. तळाशी थेंबही ठेवला नाही. आणि कप खाली ठेवताच ती तडकली, "चहा बरा हाय. पण धूरच निघाला न्हाई, तर तू जिती हाय का मेली, हे आमी वळखायचं कसं?"

रहिमाबीनं भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला.

"रोज असंच येऊन बघत जा की."