नर्मदाबाईंची बरणी

माणिकराव आपल्या बायकोची, नर्मदाबाईंची मिठाची बरणी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. झरीहून परभणीची एसटी थोड्या वेळात निघणार होती आणि उद्या नामांतराच्या मोर्च्यामुळे गाड्या बंद राहणार होत्या.

"आबा, द्या ना," विमल म्हणाली. "आधी नेलेल्या मिठात जो जीवाणू सापडला, तो नवा दिसायलाय. रंग, आकार, काय खातो, सगळं ताडून पाहिलं. माहीत असलेल्या कुठल्याच जातीत बसत नाही."

"तिथंबी जातीच का?"

विमलला हसू आलं, पण तिनं विषय सोडला नाही. "सर म्हणतात, बरणीतून पुन्हा काढून दाखव. नाहीतर लोक म्हणतील, प्रयोगशाळेतच कुठून तरी पडला. वर्षभराची मेहनत वाया जाईल माझी."

"आन् कुठं सापडला म्हणून छापणार?"

"ते छापावंच लागतं. झरी. घरातली मिठाची बरणी."

"म्हंजे तुझ्या आईची." माणिकरावांनी बरणीला दोन्ही हात लावले. "मिठाला कधी कीड लागत न्हाई, विमल. आन् हिच्याच मिठाला लागली म्हणून जगाला सांगणार तू. ती न्हाई आता बोलायला."

विमल त्यांच्यासमोर बसली.

"कीड नाही, आबा. समुद्रातला जीव आहे. मिठागरात पाणी आटलं, तसा हा खड्यात अडकला आणि बाजारातून आपल्या घरी आला. कुणाला काही करत नाही. साध्या पाण्यात पडला तर फुटून मरतो."

"मरतो?"

"लगेच. आईच्या बरणीत पाणी गेलं असतं, तर तो मला सापडलाच नसता."

माणिकरावांनी बरणीच्या तोंडावर बांधलेलं फडकं चाचपून पाहिलं.

"ओला हात घालू द्यायची न्हाई ती," ते म्हणाले. "मलाबी न्हाई. हे छापतील का?"

"असलं छापत नाहीत, आबा."

ते उठले. बरणी बाहेरून धोतरानं पुसली. तोंडाचं जुनं फडकं सोडलं, ट्रंकेतलं नर्मदाबाईंनी धुऊन ठेवलेलं पांढरं फडकं काढून घट्ट बांधलं, आणि बरणी विमलपुढे ठेवली.

"उघडायच्या आधी तुझ्या सरांला हे फडकं दाखव."