मनाच्या तासाची वही

"आधी जॉब घट्ट बांधायचा, आनि स्पीड सावकाश वाढवायचा. मग मशीन कुरकुर करत न्हाय," लोखंडाचा तुकडा मशीनवर बसवत केरबानं हाताखालच्या कृष्णातला दाखवलं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत केरबानं त्या एका लेथवर सोळा वर्षं काढली होती. आजवर त्यानं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. दोन दिवसांपासून मात्र तो स्वतःहून कृष्णातला एकेक गोष्ट शिकवत होता.

"आज लई उदार झालाय की," कृष्णात हसला.

"शिकून घे. कामाला येतंय."

तेवढ्यात फोन वाजला. लेकीच्या शाळेचा नंबर बघून केरबा बाहेर आला.

"संघप्रियाचे वडील ना? मी क्रांती मॅडम. आठवीचा मनाचा तास मी घेते. तुम्ही आत्ता शाळेत याल का?"

"का? पडली व्हय?"

"नाही. माझ्याजवळच बसलीय. पण तिनं वहीत काहीतरी लिहिलंय. फोनवर नको बोलायला. या तुम्ही. आणि गाडी सावकाश चालवा."

केरबानं तशीच गाडी काढली.

हायवेवर ट्रकांच्या मधनं वाट काढताना त्याला एकेक आठवू लागलं. आठ दिवस झाले, पोरगी धड जेवत नव्हती. अंथरूण ओढून त्याच्या खोलीच्या दारातच आडवी पडायची. सोमवारी शाळेला जाणारच नाही म्हणून तिनं गाडीची किल्ली लपवून ठेवली. दुपारी फोन करायची. "काय करताय?" एवढंच विचारायची आणि गप्प व्हायची. सुट्टीत आक्काताई आत्याकडं पेठ वडगावला जा म्हटल्यावर तर असा आकांत केला, की शेजारीपाजारी गोळा झाले. तेव्हा तो रागावला होता. आई जाऊन वर्ष झालं, पोरगी हट्टी होत चाललीय, असं त्याला वाटलं होतं.

मनाच्या तासाला काय शिकवतात, हे तीच कधीतरी सांगायची. भीतीला भीती म्हणायचं. गिळून टाकायची नाही. एकदा तिनं वहीत हाताचा पंजा काढला होता. ज्या माणसांना काहीही सांगता येतं, त्यांची नावं पाच बोटांवर लिहायची होती. केरबानं सहज डोकावून बघितलं, तर त्याचं नाव एकाही बोटावर नव्हतं. त्या दिवशी त्याला वाईट वाटलं होतं. आज विद्यापीठाच्या रस्त्याला गाडी घालताना तोच पंजा पुन्हा डोळ्यांपुढं आला.

शाळेच्या व्हरांड्यात संघप्रिया बाकावर बसली होती. त्याला बघताच ती धावत आली आणि दोन्ही मुठींनी त्याचा शर्ट धरला.

"तू ग्रंथालयात बस, बाळा," क्रांती मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही पप्पांजवळच बसणार न्हवं?"

"इथंच आहे मी."

मी ओरडेन असं वाटतंय पोरीला, केरबाच्या मनात आलं. तो खुर्चीत बसला. मॅडमनी दार लोटलं आणि त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला.

"एक डॉक्टर बाई यायला निघाल्यात. मनाच्या डॉक्टर आहेत. येईपर्यंत आपण बोलू."

"डॉक्टर? एवढं हाताभाईर गेलंय?"

"वेळेत कळलंय."

त्यांनी टेबलावर वही ठेवली. उघडली मात्र नाही. केरबानं त्या वहीला हातही लावला नाही.

"वाचू नका, मॅडम. मला ऐकवणार न्हाय." त्याचा आवाज फुटला. "जीव द्यायचं लिवलंय न्हवं?"

मॅडमनी मान हलवली. होय.

केरबा दोन्ही हातांत तोंड धरून रडला. सोळा वर्षांत कारखान्यात बोट चेंगरलं, तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"मला इचारायचं की तिनं! मी कशाला हाय? तिची आई गेली, तवा मागं राहिलेल्याचं काय हुतं ते आमी दोघांनी बघितलंय. घरात पाय ठेववत न्हाय, घास उतरत न्हाय. तेच परत दुसऱ्याच्या वाट्याला द्यायचं व्हय?"

"मग तिला काय सांगाल तुम्ही?"

"सांगीन की, एक दिवस निघंना झाला, तर माझ्यापाशी येऊन बस. बोलू नको, नुसती बस. तुझ्याबिगर घर उभं ऱ्हाणार न्हाय. आनि लाज कसली त्यात? ताप आल्यावर दवाखान्यात जातोयच की आपण."

"हे तुम्हाला मनापासून वाटतं?"

"आईच्यान, मॅडम. पोरीला असं एकलं सोडून कोण जाईल?"

क्रांती मॅडमनी वही उघडून त्याच्याकडं फिरवली.

"गेल्या तासाला मी मुलांना सांगितलं होतं. काही गुपितं एकट्यानं सांभाळायची नसतात, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायची. आज सकाळी तिनं ही वही माझ्या हातात दिली. अक्षर तिचं आहे. घरात सापडलेला एक कागद तिनं बघून बघून उतरवलाय आणि मूळ कागद होता तिथंच परत ठेवलाय. आता वाचा तुम्ही."

केरबानं डोळे पुसले. लेकीच्या गोल, टपोऱ्या अक्षरातली पहिली ओळ त्यानं वाचली.

'आक्काताई, तुझ्या भावाला माफ कर. माझ्या मागं संघप्रियाला तुझ्याकडं घेऊन जा.'