बाबांचं पथ्य

डॉक्टरांनी बाबांना तीन महिन्यांची मुदत दिली होती. रोज दुपारी जेवणाऐवजी सॅलड खायचं. कोलेस्टेरॉल उतरलं नाही, तर आयुष्यभर गोळ्या.

ताई लेट्यूस, काकडी, गाजर काट्यावर तोलून चिरायची आणि वर मोजून पाच ग्रॅम चीज किसायची. तिची पाठ वळली की आई "एवढ्याशा पाल्यावर माणूस जगतो का?" असं पुटपुटत मूठभर चीज पानांखाली ढकलायची. आई फोन घ्यायला गेली की दादा दोन क्यूब कुस्करून टाकायचा. "गुपचूप खा हं बाबा, आईला सांगू नका."

बाबांनी कुणाचंच कुणाला सांगितलं नाही. वाडगा मात्र रोज चाटूनपुसून लख्ख.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल चाळीसने वाढलं होतं. ताईने आकडा दोनदा वाचला. आई छताकडे बघत होती, दादा मोबाइलमध्ये.

बाबांनी शांतपणे चष्मा पुसला.



"पहिल्या दिवसापासून सांगतोय, हिरवा पाला मला मानवत नाही. उद्यापासून नुसतं चीज द्या."