पुसलेला फोटो

"पुसा," बाई म्हणाली. "माझ्यासमोर पुसा."

फोटोग्राफरचं बोट अजून बटणावरच होतं. ही बाई फूटपाथवर बसून बॅगांच्या चेन दुरुस्त करायची. दातांत धरलेला दोरा, कपाळावर सकाळचं ऊन, आणि स्वतःशीच हसणं. त्याला हे सगळं एकदम दिसलं आणि विचार करायच्या आत त्याने फोटो काढला. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो. उरलेलं वर्ष तो समोरच्या गाळ्यात 'हनुवटी जरा वर' म्हणत ओळखपत्रांचे फोटो काढायचा.

"मावशी, फार छान आलाय हो. बघा तरी."

"छान आला म्हणून काय झालं? आमच्या धर्मात बसत नाही."

"पण का?"

"ते देवाला विचारा. मी चेन बसवते."

त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला आणि बटण दाबलं. फोटो गेला. बाईने मान वळवून नीट खात्री करून घेतली. मग त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेची अडकलेली चेन तिच्या नजरेला पडली. तिने बॅग ओढून घेतली, चेनवर मेण घासलं आणि दोन मिनिटांत ती सरळ करून दिली.

संध्याकाळी दुकानात त्याने कॉम्प्युटर लावला, आणि बाई तिथे हसत होती. त्याच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असायची. अधूनमधून मिळणाऱ्या लग्नाच्या कामात एखादं कार्ड ऐन वेळी दगा देतं, म्हणून प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरायचा. पुसताना मात्र एकावरचाच पुसला जायचा. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त बाईसमोर आठवलं नव्हतं. खरंच आठवलं नव्हतं का? त्याने स्वतःला दोनदा विचारलं आणि दोन वेगळी उत्तरं मिळाली.

उद्या पुसू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो पुसला गेला नाही. उलट कागदावर कसा दिसतो ते बघावं म्हणून त्याने एक प्रत काढली, आणि ती इतकी सुरेख आली की फाडायला हात होईना. प्रत खणात गेली. कोणाला दाखवायची नाही, एवढं मात्र त्याने मनाशी घट्ट ठरवलं.

"फोटो कोणी बघतच नसेल, तर तो काढल्यासारखा होतो का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"तू बघतोस ना?" ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

तिकडे बाईने त्याला डोक्यावर घेतलं होतं. "तो समोरचा फोटोवाला, शब्दाचा पक्का," असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. त्याला ते ऐकवेना. तो मागच्या गल्लीने दुकानात यायला लागला.

मग आठवडाभर बाईची जागा रिकामी दिसली. नवव्या दिवशी तिशीचा एक माणूस दुकानात आला आणि ओळखपत्राच्या स्टुलावर अवघडून बसला.

"मी समोरच्या चेनवाल्या बाईंचा मुलगा. आई गेली, मंगळवारी." त्याचे डोळे लाल होते. "एक विचारायचं होतं. तुमच्याकडे आईचा फोटो आहे का?"

फोटोग्राफरच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. नाही म्हणावं, तर पोरगा आईच्या चेहऱ्यावाचून घरी जाणार. हो म्हणावं, तर त्या माउलीला आपण फसवलं हे तोंडाने कबूल करायचं. पण ती आता नाही. जो मागे राहिलाय त्याचं दुःख मोठं, की जी गेली तिचा शब्द? दोन्ही बाजू त्याला पटत होत्या, हीच तर पंचाईत होती. शेवटी त्या लाल डोळ्यांपुढे त्याचा निभाव लागला नाही. बरं झालं पुसला नाही, असंही त्याला वाटून गेलं. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

"आहे," तो म्हणाला. खण उघडून त्याने प्रत मुलाच्या हातात ठेवली.

मुलाने तिच्याकडे पाहिलंही नाही. नजर वळवून त्याने ती टेबलावर पालथी घातली.

"आमच्यात माणूस गेला की त्याची छबी मागे राहू नये," तो म्हणाला. "जाताना आई म्हणाली, जन्मात माझा एकच फोटो निघाला, तोही त्या भल्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत पुसला. मी सुखाने जाते."

"मग... तुम्ही विचारायला का आलात?" फोटोग्राफरने विचारलं.

"तिला खात्री होती," मुलगा म्हणाला. "मला नव्हती."