कुपीतली कात

समुद्रात सापडलेल्या राईएवढ्या नव्या कवचवाल्या जिवाला प्रयोगशाळेच्या सरांनी तिथे काम करणाऱ्या दोघी बहिणींपैकी धाकटीचं नाव दिलं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर सूक्ष्मदर्शकात डोळे फोडून त्याचे पाय मोजले, चित्रं काढली ती हिने!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीव ठेवलेल्या स्पिरिटच्या कुपीत तिला एक रिकामी कात दिसली. मेलेल्या जिवाने कात टाकली होती, आणि त्याला पायांची एक जोडी जास्त फुटली होती.

तिने कुपी गुपचूप खिशात टाकली. हे तरी आपल्याच नावावर लागेल!

दुपारी पाठीला खाज सुटली. खाजवत खाजवतच तिने कुपी काढली. बूच घट्ट होतं. आत मात्र फक्त काती होत्या, दोन. दुसरी पाठीवर उभी चिरलेली.

“ताई, हलू नकोस,” मागून धाकटी म्हणाली. “तुझी पाठ चिरलीय. आणि रक्त नाहीये गं.”