ताईंचं उरलेलं काम

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी बालवाडी मनात आणा, जिथे पहिल्या दिवशीसुद्धा कुणी रडत नाही.

कुमुदताईंच्या बालवाडीत तसंच होतं. प्रत्येक मुलाच्या मनगटावरचा निळा पट्टा त्याची सगळी भीती शोषून घ्यायचा. "आता तुम्हाला काम तरी काय उरलं, ताई?" पालक हसून विचारायचे. खरचटल्यावर दुखायचं मात्र. तेव्हा ताई पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "मी आहे ना."

एका सकाळी फाटक उघडं राहिलं. चार वर्षांची शाल्मली थेट समोरच्या कालव्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली पाणी घोंघावत होतं.

"शाल्मली, मागे ये! बुडशील गं!" ताई फाटकातून ओरडल्या.

"मला आत जाऊन मासे बघायचेत," असं म्हणत तिने पाय उचलला.

धावून पोचण्याइतका वेळ नव्हता. ताई मटकन खाली बसल्या. "बाळा, मला फार भीती वाटतेय," त्या हुंदके देत म्हणाल्या.

शाल्मलीने वळून पाहिलं. उचललेला पाय तिने मागे घेतला. मग ती दुडुदुडु परत आली आणि ताईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी आहे ना."