फळ्याचा कोपरा

चित्रकलेचे सर स्टुलावर उभे राहून विज्ञानाच्या बाईंचं अभिनंदन लिहीत होते. शाळेत कुणाचंही भलं झालं की सभागृहाच्या फळ्यावर ते रंगीत खडूंनी सजवून लिहायचं काम त्यांचंच, मग मनात असो वा नसो. ‘हार्दिक अभिनंदन’मधला शेवटचा ‘न’ तेवढा रंगवायचा राहिला होता.

बाई पहिल्या रांगेत बसून भाषणाचा कागद वाचत होत्या. शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसून त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली होती. चार वाजता सत्कार. आभाराच्या यादीत सासूबाई होत्या, मुलगी होती, आणि सगळ्यांत वर मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक. त्यांनी परवानगी दिली नसती तर दोन वर्षं गुरुवारी-शुक्रवारी विद्यापीठात जाताच आलं नसतं.

मोठे सर आले ते टाइप केलेला कागद घेऊनच.

“बाई, एवढी सही करा. तुमचंच आभारपत्र आहे. उद्या संस्थेच्या बैठकीत ठेवायचंय.”

बाईंनी हसत पेन उघडलं. पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही ही त्यांची जुनी खोड, म्हणून त्यांनी वाचलं.

‘माझ्या शिक्षणामुळे बुडणारे विज्ञानाचे तास इतर दिवशी भरून काढण्यासाठी चित्रकलेच्या शिक्षकांनी आपले तास स्वेच्छेने मला दिले. विद्यार्थ्यांचे कोणतेही नुकसान झाले नाही. ही व्यवस्था कायम ठेवण्यास हरकत नसावी, असे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करते.’

“कायम म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या वर्षापासून चित्रकला बंद. दोन वर्षं पोरं चित्रांवाचून राहिली, कुणाचं काही अडलं का? ती जागा गणिताला देतोय.” मोठ्या सरांनी आवाज खाली आणला होता, पण रिकाम्या सभागृहात तो स्टुलापर्यंत गेलाच.

खडू थांबला.

“सर, तास तुम्ही आपणहून दिले होते ना?” बाईंनी स्टुलाकडे वळून विचारलं. “मला तर तसंच सांगितलं होतं.”

“आपणहून?” चित्रकलेच्या सरांनी मागे वळून पाहिलं नाही. “सुट्टीनंतर शाळेत आलो, तर वेळापत्रकात माझ्या जागी तुमचं नाव. मला कुणी रजेवर असेल त्याच्या वर्गावर पोरं गप्प बसवायला पाठवायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं का नाहीत?” आता ते वळले. “दर सोमवारी शाळा भरायच्या आधी येऊन आठवीच्या फळ्यावर चित्र काढायचो मी. म्हटलं, तास नाही तर नाही, पोरं मधल्या सुट्टीत बघून काढतील. खाली कोपऱ्यात लिहायचो, पुसू नये. पहिला तास तुमचा असायचा.”

बाईंना ती चित्रं आठवली. गळका नळ, सायकलचं चाक, एकदा नुसती चप्पल. शनिवारचं काहीतरी उरलंय असं समजून त्या दर सोमवारी सगळा फळा कडेपर्यंत पुसायच्या. कोपऱ्यात काय लिहिलंय हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. सही करायच्या कागदाचं शेवटचं अक्षर वाचणाऱ्या बाई!

“आणि जिन्यात भेटलात की म्हणायचात, ‘सर, तुमचे उपकार कसे फेडू?’” चित्रकलेचे सर म्हणाले. “मला वाटायचं, चिडवताय.”

बाईंची कानशिलं तापली. स्वतःचाच इतका राग आला की उभं राहताना खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

“तुम्ही मला मदत केलीत असं मी घरीदारी सांगत फिरले,” त्या मोठ्या सरांना म्हणाल्या.

“केलीच की. स्वतःचं काही दिलं तरच ती मदत का?”

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंत. आणि आता त्याचं घरच मोडायला निघालात, तेही माझ्या सहीने.”

“जपून बोला, बाई. तुमच्या पदवीची नोंद सेवापुस्तकात व्हायचीय, माझ्या सहीने.”

“मग तुमची सही तुमच्यापाशी राहू द्या, आणि माझी माझ्यापाशी.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं, फळ्याजवळ जाऊन डस्टर उचललं आणि स्वतःच्याच अभिनंदनावर हात उगारला.

“पुन्हा?” चित्रकलेचे सर म्हणाले.

हात तिथेच थांबला. बाहेर व्हरांड्यात पाहुण्यांच्या चपलांचे आवाज येऊ लागले होते. बाईंनी डस्टर खाली ठेवलं.

“खडू घेऊ का, सर?”

त्यांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि पांढरा खडू पुढे केला. अभिनंदनाच्या खाली बाईंनी लिहिलं: ‘या पदवीसाठी मुलांचे चित्रकलेचे तास घेतले. सरांना विचारले नव्हते. नुकसान झाले.’

“काय वेडेपणा चाललाय हा?” मोठे सर पुढे आले. “पाहुणे आलेत दारात. पुसा ते आधी.”

बाई फळ्यापुढून हलल्या नाहीत.

“ओळ सरळ येत नाही तुमची,” चित्रकलेचे सर म्हणाले. आवाजात माफी नव्हती. त्यांनी खडू परत घेतला, स्टुलावरून खाली उतरले, आणि मोठ्या सरांचा हात डस्टरपर्यंत पोचायच्या आत वाकून खालच्या कोपऱ्यात लिहिलं. दर सोमवारी लिहायचे तसं नाही. या वेळी दारातून वाचता येईल एवढं मोठं.

पुसू नये.